तुसातले सत्तावीस

१

स्फटिक घासून धुवायचे नसतात, भिजवून धुवायचे असतात. हे सांगून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडले, पण कॉलेजातली पोरं ऐकतील तर शपथ. गारगोटीचा स्फटिक दिसायला दणकट, टोक मात्र फार नाजूक. तारेचा ब्रश एकदा फिरला की सुरेख नमुन्याची रस्त्यावरची खडी झालीच म्हणून समजा. मी ते मातीच्या कुंड्यात भिजत घालतो, बांबूच्या काडीनं सांदीतली लाल माती काढतो आणि धानाच्या तुसावर ओळीनं वाळत ठेवतो. टोकं सगळी भिंतीकडे, म्हणजे कोणाचा पाय चुकून पडलाच तर तो बुडावर पडावा.

त्या सोमवारी सकाळी मी असेच सत्तावीस स्फटिक मांडले. १९५७चा मार्च संपत आला होता. जागा म्हणजे मूल गावातल्या एका धानगिरणीची मागची खोली. मी नागपूरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. रजा मिळाली की चांदा जिल्ह्याच्या जंगलात दगड धुंडाळत हिंडायचं, हे माझं व्यसन. बायको म्हणायची, दारू परवडली, ती निदान पाठीवर वाहून आणावी लागत नाही. गिरणीत तुसाचे ढीग पडलेले असत आणि स्फटिक बांधायला तुसासारखं दुसरं काही नाही, म्हणून इंजिनाचा मिस्त्री दादाजी मला ती खोली वापरू द्यायचा. माझ्या उद्योगाला तो दगडांची मळणी म्हणायचा.

इंजिन सुरू असलं की त्या खोलीची फरशी पायाखाली बारीक थरथरायची. मांडामांड संपवून मी दादाजीबरोबर चहा प्यायला गेलो. परत आलो तर पहिल्या ओळीतल्या चार स्फटिकांची टोकं भिंतीकडे नव्हती. ती दाराच्या उजव्या कोपऱ्याकडे वळलेली होती.

मी ती सरळ केली आणि पुढच्या कामाला लागलो.

२

हे स्फटिक धानोऱ्याच्या पलीकडच्या एका डोंगरातले. जागा दाखवली लालसूनं. तो तिथल्याच जंगलातल्या गावचा, तिशीतला, हसरा. पहार चालवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याची बायको बुधरी आम्हाला दुपारी आंबील आणून द्यायची आणि एवढी मोठी माणसं दगडांसाठी मातीत लोळतात, याची मनसोक्त टिंगल करायची.

डोंगराला एक भोक होतं, पोटावर सरपटत जाण्याइतकं. आत बैलगाडीएवढी पोकळी, भिंतींवर स्फटिकच स्फटिक. त्या पोकळीच्या मागच्या बाजूला आणखी एक चिंचोळी फट होती आणि फटीच्या आत दिव्याच्या उजेडात एक घोस चमकायचा, हाताच्या पंजाएवढाल्या स्फटिकांचा. माझं पोट त्या फटीत जात नव्हतं. दोन दिवस मी त्या घोसावरून उसासे टाकले. लालसू हसून म्हणाला होता की मास्तर, पोट बाहेर ठेवून जा.

रविवारी दुपारी बांबूचा ट्रक वेळेआधीच आला आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. आता आमच्या धंद्यात एक रीत आहे. जागा सोडताना तिचं तोंड बुजवायचं, आणि ते एकट्यानं. मजुरांनासुद्धा बघू द्यायचं नाही, म्हणजे दुसऱ्या कोणा संग्राहकाला पत्ता लागत नाही. यात माझा हातखंडा. सगळ्यांना पेट्या घेऊन ट्रककडे पिटाळलं, पहारेनं एक चपटी शिळा तोंडावर लोटली, पाचर मारली, शिळेच्या कडेच्या सांदीत दगडमाती भरली, वर काटेरी झुडपं ओढली. पाव तासात डोंगर असा झाला की मलाच ओळखू येईना.

निघताना लालसू काही दिसला नाही. मोह वेचायला पळाला असेल म्हटलं. निरोप न घेता गेला याचं मला थोडं वाईटही वाटलं.

३

सोमवारी जेवून आलो तेव्हा अकरा स्फटिक फिरलेले होते. संध्याकाळपर्यंत सगळे सत्तावीस.

मी विज्ञानाचा माणूस. इंजिन हादरतं, फरशी हादरते, तूस सरकतं, तुसावरचा दगड फिरतो, यात नवल काय? असं मी स्वतःला समजावलं आणि ते पटलंही. फक्त एक गोष्ट अडत होती. हादऱ्यानं वस्तू विस्कटतात, आणि हे तर प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे एका दिशेला तोंड करून होते. मी कंपास लावून पाहिला. उत्तरेपासून पूर्वेकडे सत्तर अंश, सगळ्यांचे तेवढेच. गारगोटीला लोहचुंबकाचं काही देणंघेणं नसतं, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवतो.

दादाजीला बोलावून दाखवलं. त्यानं डोकं खाजवलं आणि उंदीर असतीन म्हणाला. कंपास वाचणारे उंदीर माझ्या पाहण्यात नव्हते, पण त्याच्याकडे निदान एक उत्तर होतं.

मंगळवारी इंजिनाचा पट्टा तुटला आणि गिरणी बंद पडली. एवढी शांतता त्या इमारतीत मी कधी ऐकली नव्हती. चिमण्या धान टिपताना त्यांच्या चोचींचा आवाज येत होता. मी सगळे स्फटिक पुन्हा भिंतीकडे वळवले आणि समोर पोत्यावर बसून राहिलो. तासभर काही झालं नाही. मी स्वतःवरच हसलो. मग नाकात तूस गेलं, एक शिंक आली, आणि डोळे मिटलेल्या त्या क्षणात मला सर्र असा हलका आवाज आला. डोळे उघडले तेव्हा सत्तावीसही टोकं त्या कोपऱ्याकडे होती.

इंजिन तर बंद होतं. तरी माणूस हट्टी असतो. मी तुसाखाली अंथरलेलं अख्खं तरट स्फटिकांसकट अर्धं वळवलं, बाहेर आलो, दार लावलं आणि दाराला कान लावून उभा राहिलो. आधी काही नाही. मग एक सर्र. थोड्या वेळानं दुसरी. मी मोजत गेलो. एकामागून एक, न घाई करता, धानाची रोवणी करणाऱ्या बायका वाकून वाकून मागे सरकतात तसे. सत्ताविसावा आवाज झाला आणि पुन्हा शांत.

मी दार उघडलं नाही. नकाशा मात्र काढला आणि मूलवरून सत्तर अंशांची रेघ ओढली. ती वैनगंगा ओलांडून, धानोऱ्याच्या अंगावरून सरळ माझ्या डोंगराला जाऊन लागली. दगडांना घरची आठवण येत असेल, असा विनोद मी त्या दिवशी केला. ऐकायला मीच होतो.

४

बुधवारी सकाळी बुधरी आली. बांबूच्या ट्रकवर बसून, नंतर तांदळाच्या लॉरीतून, विचारत विचारत ती गिरणीपर्यंत पोचली होती. केसांत धूळ, ओठ कोरडे. तिला मी पाणी दिलं, ते तिनं हातातच धरून ठेवलं.

"मास्तर, माह्या घरवाल्याले कुठी ठेवलं?"

ती समजत होती की पेट्या उचलायला मी लालसूला मूलला घेऊन आलो. मी नाही म्हणालो. तो माझ्यासोबत आलाच नाही, घुग्घुसच्या खाणीवर कामाला गेला असेल, तुमच्याकडची पुष्कळ पोरं जातात, असं काहीबाही मी बोलत राहिलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मोहाच्या दिवसात?" ती म्हणाली. "झाडाखाली मोह पडून सडून राह्यला, मास्तर. या दिवसात आमचं कोणी घर सोडत नाई."

गावकरी डोंगरावरही जाऊन आले होते, असं तिनं सांगितलं. तोंड पक्कं बुजलेलं पाहिलं आणि परत फिरले, कारण बंद भोकात माणूस कसा असेल? माझं काम इतकं सफाईदार होतं.

बोलता बोलता तिची नजर खोलीत गेली. ती आत आली, वाकून स्फटिकांकडे पाहिलं, मग त्यांची टोकं जिकडे होती त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि तिथून त्यांच्याकडे पाहू लागली.

"हे सारे आमच्या डोंगराकडं काऊन पाहून राह्यले?"

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"तोंड बुजवाच्या आधी तुमी आत पाह्यलं होतं का?"

त्या घटकेला मला तो घोस आठवला, फटीतला. माझे दोन दिवसांचे उसासे आठवले. ट्रककडे पिटाळलेल्या माणसांत लालसू होता की नव्हता, हे आठवेना, कारण मी पाहिलंच नव्हतं. मी तुसातच खाली बसलो आणि तिला म्हणालो की नाही, पाहिलं नाही.

हातातलं पाणी एका घोटात पिऊन तिनं भांडं खाली ठेवलं आणि चला म्हणाली.

५

दादाजीनं कसलाही प्रश्न न विचारता लॉरी मिळवून दिली आणि इंजिनाची मोठी पहार माझ्या हातात ठेवली. नदीच्या रेतीत लॉरीची चाकं रुतली, गडचिरोलीच्या पुढे दुसरी गाडी धरावी लागली, तिचं रेडिएटर तापलं. सगळ्या वाटेवर मी हिशेब करत होतो. रविवार दुपार ते गुरुवार सकाळ. आत एका ठिकाणी पाणी झिरपायचं, थेंब थेंब. पाणी असलं तर माणूस जगतो. ते त्याला अंधारात सापडलं असलं तर. बुधरी पुढच्या रस्त्याकडे पाहत होती. एकदाच तिनं माझा हिशेब तोडला. म्हणाली, तो जिता हाये, मेला असता तर दगड कायले वळले असते.

ते मला पटलं, याची मला आजही लाज वाटत नाही.

गुरुवारी सूर्य वर येता येता आम्ही डोंगरापाशी पोचलो. बुजवायला पाव तास लागला होता, उघडायला त्याहून जास्त लागला, आणि माझ्याच सफाईला शिव्या देत मी पाचर काढली. शिळा सरकली. आतून गार, ओला वास आला. मी हाक मारणार, तेवढ्यात बुधरीनं माझा दंड धरला.

आत कोणीतरी बोलत होतं. आवाज लालसूचा होता, खोल गेलेला, घोगरा, पण त्याचाच. तो गोंडीत बोलत होता. दोन वाक्यं बोलायचा आणि थांबायचा, समोरच्याचं ऐकून घेताना थांबतात तसा. मग हुं म्हणायचा आणि पुन्हा बोलायचा.

"कोणाशी बोलून राह्यला तो?" बुधरीनं विचारलं.

मी म्हणालो, भूक आणि अंधार, यांनी भ्रम होतो. खरंच होतो. मी कार्बाइडचा दिवा पेटवला आणि सरपटत आत शिरलो.

तो फटीच्या आत होता. घोस काढायला गेला असताना वरून एक धोंडा उतरून फट अर्धी बुजली होती. मी पहार लावून धोंडा हलवला, पुन्हा लावली, पुन्हा हलवला. माझे हात सोलून निघाले. शेवटी अंगापुरती वाट झाली आणि त्याचे दोन्ही हात बाहेर आले. मी त्याची मनगटं धरली आणि ओढलं. तो जागचा हलेना. मी पाय भिंतीला लावून ओढलं. नाही. माझ्यात जोर उरला नव्हता, आणि आता इथवर येऊन हा माणूस माझ्या हातात मरणार, असं वाटून मला रडू फुटलं.

मग तो एकाएकी सरकला. सहज, सरळ, माझ्या अंगावरच आला. त्याच्या खांद्यावरून दिव्याचा उजेड फटीत गेला आणि मला त्याचे अनवाणी तळपाय दिसले. प्रत्येक तळपायाला खालून एकेक तळहात लागलेला होता. बोटं पसरलेली, ओली, गारगोटीच्या धुळीनं पांढरी. ते तळहात ढकलत होते.

लालसूचे दोन्ही हात माझ्या मुठीत होते. तळहातांच्या मागे मनगटं होती, मनगटांपलीकडे उजेड पोचत नव्हता. एवढंच मी पाहिलं. दिवा विझला आणि मी लालसूला घेऊन बाहेर आलो.

६

बुधरीनं त्याला सावलीत निजवलं आणि पळसाच्या पानाच्या द्रोणातून घोट घोट आंबील पाजली. त्याचा एक घोटा सुजला होता, बाकी तो धड होता. मी त्याच्यासमोर बसलो आणि सांगून टाकलं. तोंड मी बुजवलं, आत न पाहता बुजवलं. त्यानं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, म्याबी न सांगता आत गेलो, दोघांचंबी चुकलं. बुधरीला हा निवाडा पसंत पडला नाही, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण तिनं मला आंबिलीचा द्रोण दिला.

मग लालसूनं विचारलं, "तो निघाला का?"

कोण, म्हणून मी विचारलं. तसं त्यानं हळूहळू सांगितलं. पहिल्याच दिवशी, ओरडून ओरडून घसा बसल्यावर, अंधारात कोणीतरी त्याची मान धरून पाणी झिरपायच्या जागेला त्याचं तोंड लावलं. हात थंड होते, पण हळू होते. त्याला गुंगी आली की कोणी दगडावर दगड ठोकून जागं करायचं. चेहरा दिसला नाही. बोलणं तर नाहीच. लालसू बोलायचा आणि तो हात दाबून होकार द्यायचा.

"म्या त्याले विचारलं, तू किती दिसापासून आत हायेस? त्यानं माह्या तळहातावर बोट टेकवलं. एक. मंग अजून एक. असा मोजत गेला, मोजत गेला. मले झोप लागली. जागा झालो तवाबी तो मोजूनच राह्यला होता."

मी मनातल्या मनात सगळी कारणं मांडली. चार दिवसांची उपासमार, अंधार, एकटेपणा. माझ्या बाबतीत दमणूक आणि दिव्याची थरथरती ज्योत. कारणं चांगली होती, एकेक करून तपासली तरी टिकणारी. पण ते तळहात ढकलत होते. आणि त्या डोंगराचं तोंड बुजवणारा मी पहिलाच होतो का, हा प्रश्न मला कोणी विचारला नाही, तो माझा मलाच पडला.

मी दिवा पुन्हा पेटवला. बुधरी म्हणाली, मीबी येतो. मी नको म्हटलं नाही.

७

आत सगळं तसंच होतं. पाणी टपटपत होतं. धोंडा सरकल्यामुळे फट आता रुंद झाली होती, तरी माझं पोट काही तिच्यातून जाणार नव्हतं. घोस तिथंच चमकत होता, हाताशी. मी दिवा बाजूला ठेवला, फटीशी पालथा पडलो आणि घोसावरून हात पलीकडच्या अंधारात लांब केला, खांद्यापर्यंत.

भीती वाटत होती का? एवढी कधीच वाटली नव्हती. हात ओढून घ्यावा आणि थेट नागपूर गाठावं, असं दर श्वासाला वाटत होतं. पण लालसूला ढकलताना ज्यानं स्वतः बाहेर यायचा हट्ट केला नाही, त्याच्याकडे पाठ फिरवून मी जाणार कुठे होतो?

कोणी हात धरला नाही. बराच वेळ झाला.

"त्याले भेव वाटते, मास्तर," बुधरी मागून हळूच म्हणाली. "बोला त्याच्याशी."

मी माझं नाव सांगितलं. लालसू सुखरूप आहे, सावलीत झोपला आहे, असं सांगितलं. तोंड उघडं आहे आणि आता ते कोणी बुजवणार नाही, असं सांगितलं. मग बोलायला काही उरलं नाही, तेव्हा बाहेर मोह पडला आहे म्हटलं, सकाळ झाली आहे, ऊन अजून कोवळं आहे.

पाण्याचे थेंब पडायचे थांबले. मला माझाच श्वास ऐकू येतोय असं वाटलं, मग लक्षात आलं की मी तर श्वास रोखून धरला होता.

माझ्या उघड्या तळहातावर कोणीतरी एक बोट टेकवलं. हळूच, विचारल्यासारखं.

मी हात मागे घेतला नाही. "ये," म्हणालो, आणि त्या बोटाभोवती माझी बोटं मिटली.